कूलरच्या पाठीला ताप

आमच्या घराजवळच्या शाळेत परवा टेम्पोतून एक भलंमोठं खोकं उतरलं. "हळू, हळू! आडवं नका करू!" असा आरडाओरडा करत चौघांनी ते व्हरांड्यात आणलं. आतून निघाला चकचकीत स्टीलचा वॉटर कूलर. पोरं लगेच बाटल्या घेऊन हजर! पण बसवायला आलेल्या काकांनी तो चालूच केला नाही. म्हणाले, "रस्त्यात तिरका झालाय. थोडा वेळ उभा राहू दे."

आता कूलरला काय गाडी लागते? हो, तसंच काहीसं! त्याच्या पोटात तळाशी एक काळा, गोलमटोल डबा असतो. तो कॉम्प्रेसर. त्यात तेल असतं. कूलर आडवा झाला की हे तेल नळ्यांमध्ये शिरतं. ते परत जागेवर येईपर्यंत बटण दाबायचं नाही.

तेवढ्यात काकांनी कूलर भिंतीपासून चांगला वीतभर पुढे ओढला. "भिंतीला टेकवा की, जागा अडते," बाई म्हणाल्या. काका हसले. "बाई, गरम हवा जायला वाट नको का?"

गार पाण्याच्या यंत्रातून गरम हवा? इथेच तर गंमत आहे. कूलर थंडी तयार करतच नाही. तो पाण्यातली उष्णता उचलतो आणि पाठीमागे नेऊन टाकतो, घरातला केर बाहेर टाकावा तसा.

उचलतो कसा? इंजेक्शन देण्याआधी नर्सताई दंडावर स्पिरिट लावतात, तेव्हा कसं गारेगार वाटतं! स्पिरिट उडून जातं आणि जाताना कातडीची उष्णता घेऊन जातं. आजीच्या माठाचंही तेच. मातीतून झिरपलेलं पाणी बाहेर वाळतं, आत उरलेलं गार होतं. कूलरच्या टाकीभोवती तांब्याची नळी गुंडाळलेली असते आणि तिच्यात असतो एक वायू. बऱ्याच कूलरमध्ये तो आर-१३४ए नावाचा असतो. हा पठ्ठ्या उघड्यावर उणे २६ अंशांनाच उकळतो! म्हणजे आपल्याला बर्फ गार लागतो, पण याच्या हिशेबात बर्फसुद्धा तापलेला तवा. नळीत त्याच्या द्रवाची वाफ होताना तो टाकीतल्या पाण्याची उष्णता ओढून घेतो. मग कॉम्प्रेसर ती वाफ खेचून दाबतो. दाबली की ती चांगलीच तापते. मागच्या जाळीत पंख्याच्या वाऱ्याने ती निवते, पुन्हा द्रव होते, केसासारख्या बारीक नळीतून टाकीकडे परत येते आणि पुन्हा उकळायला लागते. माठातलं उडालेलं पाणी गेलं ते गेलंच. इथे मात्र तोच वायू वर्षानुवर्षं गोल गोल फिरत राहतो. मला तर माठच जास्त हुशार वाटतो, कारण त्याला वीज लागत नाही. पण सहाशे मुलांना एक माठ कसा पुरणार?

खरं सांगायचं तर कूलरही सहज पुरत नाही. त्याच्यावरची पाटी वाचली तर ४०/८० असे आकडे दिसतील. म्हणजे टाकीत ८० लिटर पाणी मावतं, पण गार होतं तासाला ४० लिटरच. २०० मिलीच्या पेल्याने प्यायलं तर ८० लिटरचे ४०० पेले होतात. पण प्रत्येकाने लिटरची बाटली भरली तर? ऐंशी बाटल्यांत टाकी साफ! शिवाय पाणी कमी झालं की आतला तरंगता चेंडू खाली जातो आणि गच्चीवरच्या टाकीतलं कोमट पाणी आत येऊन गार पाण्यात मिसळतं. मधल्या सुट्टीत रांगेत शेवटी उभं राहणाऱ्याला कोमट पाणी मिळतं ते यामुळे. कूलर बिघडलेला नसतो, दमलेला असतो!

काकांनी शेवटी तीन पिनांचा प्लग दाखवला. वरची पिन जाड आणि लांब. ती अर्थिंगची. लांब असल्यामुळे सॉकेटमध्ये तीच सगळ्यांत आधी शिरते. पाणी आणि वीज शेजारी-शेजारी असतात, म्हणून अर्थिंग तपासल्याशिवाय काकांनी कुणालाही नळाला हात लावू दिला नाही.

उद्या तुमच्या शाळेतल्या कूलरच्या बाजूला उभे राहा. वायरींना हात लावायचा नाही बरं! मागून गरम वारा येतो का बघा, पाटीवरचे आकडे वाचा, आणि तुमच्या शाळेत रांगेतल्या कितव्या मुलापर्यंत गार पाणी पोचेल ते वहीत मांडून आम्हाला कळवा.