धार लावताना उडणारा कोबाल्ट

हाड जोडण्यासाठी वापरले जाणारे बारीक स्क्रू बहुधा 'स्लायडिंग हेड' लेथवर तयार होतात. स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगासाठी एकोणिसाव्या शतकात निघालेले हे यंत्र. त्यात सळई बुशमधून पुढे सरकते आणि टूल तिला बुशच्या तोंडाशीच कापते, म्हणून काडीएवढा भागही वाकत नाही.

हे टूल बहुतेक वेळा कार्बाइडचे असते. टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टने सांधून ते बनवतात. यंत्रावर बसवलेल्या टूलपासून सहसा धोका नसतो. धोका आहे तो बोथट टूलला डायमंड व्हीलवर धार लावणाऱ्याला. नवी मुंबईत तुर्भे, पावणे, महापे, रबाळे या पट्ट्यातल्या अशा कारागिराला खोकला लागला, की संशय आधी क्षयाचा येतो. ते योग्यच आहे. पण थुंकीत जंतू सापडत नसतील, तर 'काम काय करता?' हा प्रश्न विचारायलाच हवा. 'कंपनीत आहे' एवढ्या उत्तरावर थांबू नये.

कोबाल्टमुळे काहींना दमा होतो, काहींच्या हातांना खाज सुटून चट्टे येतात. थोड्यांच्या फुप्फुसांना सूज येऊन पुढे ती कडक होतात. जिना चढताना धाप लागते. बेल्जियममध्ये हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कामगारांनाही हाच आजार झाला होता. त्यांच्या चकत्यांत कोबाल्ट होता, टंगस्टन नव्हते. खरा गुन्हेगार कोण, हे त्यावरून कळले. टंगस्टन कार्बाइडसोबतच्या कोबाल्टला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 'संभाव्य कर्करोगकारक' गटात टाकले आहे.

'आम्ही पाणी सोडून घासतो, धूळ उडतच नाही,' असे अनेक जण सांगतात. इथेच फसगत होते. कूलंटमध्ये कोबाल्ट विरघळतो, तेच कूलंट पुन्हा पुन्हा फिरते आणि त्याचे तुषार श्वासातून आत जातात. तोंडाला बांधलेला रुमाल त्यांना अडवत नाही. व्हीलजवळच तुषार खेचून घेणारा पंखा-नळी हवी, कूलंट वेळेवर बदलायला हवे. कपड्यांवर हवेचा पाइप मारून धूळ झटकणे तर बंदच करावे.

सुट्टीत किंवा गावी गेल्यावर खोकला कमी होतो आणि कामावर परतताच वाढतो, ही खूण डॉक्टरांना आवर्जून सांगावी. हार्ड मेटलमुळे होणारे फुप्फुसविकार कायद्यातील भरपाईयोग्य व्यावसायिक आजारांच्या यादीत आहेत. भरपाई मागताना कामाची नोंद असलेला केसपेपर उपयोगी पडतो.