कुपा, काठी आणि चोवीस धागे

आधी दोन आकडे शेजारीशेजारी ठेवतो. १८९८च्या जून महिन्यात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरच्या सांता कॅटलिना बेटाजवळ चार्ल्स फ्रेडरिक होल्डर या निसर्गअभ्यासकाने काठी आणि रीळ वापरून १८३ पौंडांचा, म्हणजे ८३ किलोंचा ब्लूफिन टूना पकडला. त्याला पावणेचार तास लागले. १९७९च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाजवळ केन फ्रेझर याने १४९६ पौंडांचा, म्हणजे ६७९ किलोंचा ब्लूफिन पकडला. तो आजही जागतिक विक्रम आहे. फ्रेझरला लागली ४५ मिनिटे. आठपट जड मासा आणि पाचपट कमी वेळ.

दोन माशांवरून सिद्धांत मांडू नये, हे मलाही कळते. एखादा मासा मनापासून झुंजतो, एखादा लवकर हार मानतो. तरीही या दोन आकड्यांमध्ये ऐंशी वर्षांत साहित्य कसे बदलले याची सगळी कथा आहे, आणि त्या कथेतला एक धडा मी फार उशिरा शिकलो.

माझे दुकान दोरखंड, तंगूस, शिसे आणि गळ यांचे. निम्मे गिऱ्हाईक होडीवाले, निम्मे हौशी. कोल्हापूर-पुण्याकडून सुट्टीला गरवायला येणारी तरुण मुले अलीकडे वाढली आहेत. बारा वर्षांपूर्वी अशाच एकाला मी सुरमईसाठी वापरतात तो हलका रॉड आणि छोटे रीळ दिले. ‘हलक्या साहित्यात खरी मजा’, असे मीच त्याला सांगितले. कुठेतरी वाचले होते. त्याच्याबरोबर होडीतून गेलोही. पाखरे पाण्यावर तुटून पडत होती. त्याने तिकडे आमिष फेकले आणि कुपा लागला. मासा दहा-बारा किलोंचा असेल. तो होडीलगत यायला तासाच्या वर गेला. मुलाला तो सोडायचा होता.

“काका, सोडला तर जगेल ना?” त्याने विचारले.

मी उत्तर द्यायच्या आत तांडेल म्हणाला, “सोडून काय उपयोग? तो आतल्या आत शिजलो.”

आम्ही सोडला. मासा कुशीवर झाला, शेपूट एकदा हलली आणि तसाच खाली गेला. तांडेलाचे ते ‘शिजलो’ मी त्या दिवशी गमतीत घेतले. पुढे वाचत गेलो तेव्हा कळले, की तो अक्षरशः खरे बोलत होता.

बांगडा, सुरमई, गेदर, कुपा ही सगळी एकाच कुळातली मंडळी. पण कुपा आणि त्याचे टूना भाऊबंद यांची एक गोष्ट वेगळी आहे. त्यांचे अंग भोवतालच्या पाण्यापेक्षा गरम असते. विख्यात रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांचे भाऊ जॉन डेव्ही लष्करी डॉक्टर होते, सिलोनलाही राहून आलेले. त्यांनी १८३५ साली हे नोंदवून ठेवले. टूनाचे सतत पोहणारे लाल स्नायू इतर माशांसारखे कातडीजवळ नसून आत, कण्यालगत असतात. तिथे जाणाऱ्या आणि तिथून येणाऱ्या रक्तवाहिन्या जाळीसारख्या एकमेकींना बिलगून असतात. येणारे गरम रक्त जाणाऱ्या थंड रक्ताला ऊब देते, त्यामुळे उष्णता कल्ल्यांतून पाण्यात वाया न जाता अंगातच राहते. या गरम इंजिनामुळेच टूनाला एवढा वेग मिळतो. शिवाय त्याला थांबता येत नाही. तोंड उघडे ठेवून पुढे पोहत राहिला तरच कल्ल्यांवरून पाणी वाहते आणि त्याला श्वास मिळतो.

असा मासा तासभर जीव तोडून ओढत राहिला की अंगात आम्ल साठते, तापमान चढते आणि मांस फिके, पाणचट होते. जपानी व्यापारी अशा मांसाला ‘याके-निकू’ म्हणतात. शब्दशः अर्थ भाजलेले मांस. म्हणजे असा मासा सोडण्याच्या लायकीचा उरत नाही आणि पानात वाढण्याच्याही नाही. टूनासाठी साहित्य निवडताना पहिला प्रश्न ‘मजा किती येईल’ हा नसून ‘मासा किती मिनिटांत होडीशी येईल’ हा आहे, असे मी आता मानतो.

होल्डरचा हेतू मात्र वाईट नव्हता, हेही सांगायला हवे. त्याच्या आधी कॅटलिनाला लोक जाड दोर हाताने ओढून वाटेल तितके मासे काढत आणि बरेचसे वाया घालवत. त्याला याची शिसारी आली. त्याच वर्षी त्याने ॲव्हलॉन गावात टूना क्लब काढला. काठी लाकडी हवी आणि दोर चोवीस धाग्यांपेक्षा जाड नको, असे नियम केले. माशाला सुटण्याची संधी मिळावी, हा त्यामागचा विचार. त्या काळी त्याने पुष्कळ मासे वाचवले असणार.

हे ‘धागे’ लिननचे, म्हणजे जवसाच्या झाडापासून काढलेले. लिनन ओले झाले की अधिक बळकट होते, पण ओलेच ठेवले तर कुजते. म्हणून रोज संध्याकाळी सगळा दोर रिळावरून उतरवून वाळत घालावा लागे. पुढे नायलॉन आले आणि दोर पौंडांत मोजू लागले. तरी आज दुकानात जे ३०, ५०, ८०, १३० पौंडांचे वर्ग दिसतात, ते नऊ, पंधरा, चोवीस आणि एकोणचाळीस धाग्यांच्या दोरांचेच वारसदार आहेत. आंतरराष्ट्रीय विक्रमांना १३० पौंडांपलीकडचा दोर चालत नाही. काठ्यांमध्ये आपल्याकडचाही एक दुवा आहे. चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या चिकटवून अमेरिकेत काठ्या करत, त्यासाठीचा बांबू बरीच वर्षे कलकत्ता बंदरातून जाई आणि त्याला ‘कलकत्ता केन’ असेच म्हणत. पुढे चीनच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली.

पण क्लबमध्ये पुढे हलक्याहून हलके साहित्य वापरण्याची चढाओढ लागली. सहा फुटी काठी, तिचे टोक सहा औंसांचे, दोर सहा धाग्यांचा, अशा साहित्याचा ‘थ्री-सिक्स’ नावाचा वर्गच निघाला. माशाला न्याय द्यायचा म्हणून सुरू झालेली गोष्ट माणसाच्या कौशल्याच्या प्रदर्शनावर कशी घसरते, याचा हा नमुना. मी त्या तरुणाला दिलेला सल्ला याच परंपरेतला होता, आणि मला ती परंपरा ठाऊकही नव्हती.

आता रिळाकडे येतो, कारण खरी लढाई तिथे होते. होल्डरच्या काळच्या रिळाला आतून ब्रेक नव्हता. मासा पळाला की मूठही उलटी गरगरत असे आणि बोटे फोडत असे. दोरावर चामड्याचा तुकडा अंगठ्याने दाबून धरायचा, एवढाच काय तो ब्रेक. विल्यम बॉशेन या टूना क्लबच्या सभासदाला ही अडचण सलत होती. त्याच्या कल्पनेवरून ब्रुकलिनच्या व्हॉम होफ कारखान्याने असे रीळ तयार केले, की ज्यात दोर सुटत असतानाही मूठ स्थिर राहते आणि आतल्या चकत्यांचा दाब चांदणीच्या आकाराच्या चाकाने कमी-जास्त करता येतो. १९१३ साली बॉशेनने याच रिळावर तलवार मासा पकडला. काठी-रिळाने पकडलेला तो पहिला ब्रॉडबिल तलवार मासा मानतात. आजची सगळी मोठी रिळे या रिळाची नातवंडे आहेत.

या ब्रेकला ड्रॅग म्हणतात. तो दोराच्या ताकदीच्या साधारण पाव ते तिसऱ्या हिश्शावर लावायचा, हा रूढ नियम. २४ किलोंना तुटणारा दोर असेल तर ड्रॅग सहा ते आठ किलो. गिऱ्हाईक विचारते, “एवढा कमी का? दोर तर चोवीस किलोंचा आहे.” याचे उत्तर रहाटावर काम केलेल्या माणसाला लगेच कळेल. ब्रेकच्या चकत्या रीळ फिरण्याला अडवतात, आणि तो अडथळा कायम तेवढाच राहतो. पण दोर सुटत गेला की रिळावरच्या गुंडाळीचा व्यास घटतो. व्यास निम्मा झाला की तीच चकती फिरवायला दुप्पट ओढ लागते. आठ किलोंचे सोळा झाले. त्यात दोनशे-तीनशे मीटर दोर पाण्यातून कमान करून ओढला जातोय, त्याचे घर्षण वेगळे. गाठीत ताकद थोडी कमी होते ती आणखी वेगळी. चोवीस किलो कधी गाठले, कळतही नाही. दोर संपत आला की नवखा माणूस घाबरून ब्रेक आवळतो आणि नेमका तेव्हाच दोर तुटतो. त्या वेळी ब्रेक सैल करायचा असतो. मनाला पटत नाही, पण गणित तेच सांगते.

यावरून रीळ कसे निवडायचे तेही ठरते. मोठे रीळ घ्या. शेवटपर्यंत सगळा दोर लागणार म्हणून नव्हे, तर दीडशे मीटर सुटला तरी व्यास फारसा कमी होऊ नये म्हणून. विणलेला बारीक दोर त्याच रिळावर कितीतरी जास्त मावतो, म्हणून तो खाली भरून वर नायलॉन जोडण्याची पद्धत आहे. दुसरी गोष्ट उष्णतेची. आठ किलोंच्या ओढीवर मासा पंधरा सेकंदांत दीडशे मीटर पळाला, तर त्या चकत्यांमध्ये साडेसातशे वॅटच्या इस्त्रीएवढी उष्णता तेवढा वेळ तयार होते. स्वस्त रिळातल्या चकत्या तापून अडखळू लागतात, ब्रेक सरळ न लागता झटके देतो, आणि एक झटका दोर तोडायला पुरतो. पूर्वी चकत्या चामड्याच्या असत, आता चांगल्या रिळात कार्बनच्या असतात. पैसे घालायचे असतील तर काठीपेक्षा इथे घाला. दुकानदार असूनही सांगतो: महागडी काठी आणि स्वस्त रीळ ही जोडी मला विकायला आवडत नाही.

काठीबाबत लोकांचा समज बरोबर उलटा असतो. लांब काठी म्हणजे जास्त जोर, असे वाटते. भरलेली बादली अंगाशी धरून पाहा आणि मग हात लांब करून धरून पाहा. काठीच्या टोकाशी मासा म्हणजे ती बादली. काठी जितकी लांब, तितकी तरफ माशाच्या बाजूची आणि कंबर तुमची. म्हणूनच उभ्याने मोठा टूना ओढणाऱ्यांनी साडेपाच फुटांच्या आसपासच्या आखूड काठ्या स्वीकारल्या. सोबत कमरेचा पट्टा, म्हणजे भार हातांवर न येता पायांवर जातो. आपल्याकडे अडचण अशी, की कुपाचा थवा पाण्यावर आलेला असताना आमिष लांबून फेकावे लागते. होडी जवळ नेली की थवा बुडी मारतो. फेकायला सात-आठ फूट काठी लागतेच. अशा वेळी लांबी ठेवा, पण खालचा निम्मा भाग ताठ असलेली काठी घ्या. आणि ओढताना टोक आकाशाकडे नेऊ नका. कार्बनची काठी तिथेच मोडते, आणि मग ‘माल खराब होता’ म्हणून माणूस दुकानात येतो.

टोकाकडच्या तुकड्याबद्दल थोडक्यात. टूनाची नजर तीक्ष्ण असते. फ्लुरोकार्बनमधून प्रकाश जवळपास पाण्यातून वळतो तेवढाच वळतो, त्यामुळे तो नायलॉनपेक्षा कमी दिसतो. शेवटचे दोन-तीन मीटर त्याचे असावेत. गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी, कोरडी आवळली की घर्षणाने दोर भाजतो. आमिष लावून बसणार असाल तर गोल गळ घ्या, ज्याचे टोक आत वळलेले असते. तो गिळला तरी घशात न अडकता सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. फक्त हिसका द्यायचा नाही, ही सवय मोडायला वेळ लागतो.

इतके सगळे लिहिल्यावर मिनिकॉयची आठवण होते. लक्षद्वीपच्या या बेटावर टूना धरतात तो बिनरिळाच्या काठीने. आधी खाजणातून बारीक जिवंत मासे जाळ्याने धरून होडीत पाण्यात ठेवतात. थवा दिसला की ते मासे मूठमूठ फेकायचे आणि समुद्रावर पाण्याचे फवारे उडवायचे, म्हणजे टूनाला वाटते बारीक माशांची झुंबड उडाली आहे. बांबूच्या काठीला काठीएवढाच दोर, आणि त्याला चकचकीत, बिनकाट्याचा गळ. मासा लागला की एका झोक्यात डोक्यावरून होडीत. काटा नसल्याने तो आपोआप सुटतो आणि गळ पुन्हा पाण्यात. काही सेकंदांचा खेळ. माशाला पहिली धाव घेऊच दिली जात नाही, त्यामुळे ब्रेक नको, रीळ नको. अर्थात तो काही किलोंचा मासा. होल्डरचा ८३ किलोंचा असा उचलता येणार नाही. पण मांस शिजत नाही, आणि तेच मासे उकडून, धुरी देऊन, वाळवून केलेले मासमीन महिनोन्‌महिने टिकते.

माझ्या दुकानाच्या दाराला लोखंडी जाळी आहे. कुपासाठी साहित्य घेणाऱ्याला मी रिळाचा दोर त्या जाळीला अडकवलेल्या ताणकाट्याला बांधायला लावतो आणि काठी धरून मागे सरकायला सांगतो. काटा सहावर आला आणि रीळ किरकिरत सुटू लागले की थांबायचे, ब्रेकवर खडूने खूण करायची. मग रिळावरून निम्मा दोर काढून टाकायचा आणि पुन्हा ओढायचे. काटा आठ-नऊच्या पुढे गेलेला पाहिला की बहुतेक जण माझ्याकडे वळून पाहतात. बारा वर्षांपूर्वीचा तो मुलगा मागच्या मे महिन्यात आला होता, आता त्याच्याबरोबर त्याची मुलगी होती. त्याने स्वतःच जाळीला दोर बांधला आणि काठी तिच्या हातात दिली.