उन्हाळ्यात सशाची पिल्ले का दगावतात? पेटीतले मऊ केसच ठरू शकतात घातक. जाणून घ्या नेमकी काळजी

अमडापूर : चिखली-खामगाव मार्गावरील अमडापूर परिसरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. टिनपत्र्याखाली पिंजरे असतील, तर आतली हवा बाहेरच्यापेक्षाही जास्त तापते. अशा वेळी सकाळी ठणठणीत दिसणारी सशाची पिल्ले दुपारी चार वाजेपर्यंत दगावू शकतात. बहुतेकदा कारण आजार नसून पेटीत कोंडलेली उष्णता असते.

नेमके काय होते?

सशाची पिल्ले जन्मतः केसरहित असतात आणि त्यांचे डोळे बंद असतात. अंगावर केस यायला साधारण आठवडा लागतो, तर डोळे १० ते १२ दिवसांनी उघडतात. तोपर्यंत त्यांना शरीराचे तापमान सांभाळता येत नाही. म्हणून मादी स्वतःचे केस उपटून पेटीत ऊबदार घरटे करते. पिल्लांना पेटीत साधारण ३० ते ३५ अंशांची ऊब पुरते. पण बाहेरची हवाच ४० अंशांवर गेली, की हेच केस उष्णता आत अडकवून ठेवतात. सहा-आठ पिल्ले एकमेकांना चिकटून असतील, तर त्यांच्या अंगाची उष्णता त्यात भर घालते.

धोका कसा ओळखायचा?

थंडी वाजली तर पिल्ले एकत्र गोळा होतात. उकडू लागले, की ती एकमेकांपासून लांब पसरतात, केसांतून वर येतात आणि त्यांची कातडी व कान लालसर दिसतात. पोट गोल असेल तर दूध मिळाले आहे. पोट खपाटीला आणि कातडी सुरकुतलेली असेल, तर दूध कमी पडते आहे.

पेटीत काय बदल करावा?

- सकाळी ऊन चढण्याआधी वरचे केस काढून स्वच्छ पिशवीत ठेवावेत. तळाशी पातळ थर राहू द्यावा.
- पहाटे गारवा असेल, तर तेच केस परत घालावेत.
- पेटीचा तळ जाळीचा किंवा छिद्रांचा असावा. ओले गवत लगेच बदलावे. त्यावर माश्या बसतात आणि मुंग्याही लागतात.
- पत्र्यावर पऱ्हाट्या किंवा कडब्याचा थर टाकावा. बाजूंना ओले गोणपाट लावावे, मात्र हवा खेळती ठेवावी. बंद खोलीत कूलर लावला, तर दमटपणा वाढून त्रास होतो.
- वीज गेल्यावर गोठवलेल्या पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पेटीबाहेर टेकवावी. ती पिल्लांच्या अंगाला लागू देऊ नये.

आईकडे दुर्लक्ष नको

सशाला घामावाटे अंग थंड करता येत नाही. उष्णता बाहेर टाकण्याचे त्याचे मुख्य साधन म्हणजे कान. उकाड्यात मादीचा चारा कमी होतो आणि दूधही आटते. तिला गार पाणी सतत मिळावे. दूध पाजणारी मादी दिवसाला एक लिटरपर्यंत पाणी पिऊ शकते. चारा पहाटे आणि रात्री द्यावा.

मादी दिवसातून साधारण एकदाच, तीन-पाच मिनिटे दूध पाजते. त्यामुळे ती दिवसभर पेटीत बसत नाही, म्हणून तिने पिल्ले टाकली असे समजू नये. माणसाचा हात लागल्यास पाळीव मादी पिल्ले सोडून देते, हाही गैरसमज आहे.

पिल्लू निपचित पडले तर?

ते लगेच सावलीत घ्यावे आणि साध्या पाण्यात भिजवलेल्या कापडाने अंग व कान पुसावेत. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. गाईचे दूधही पाजू नये; सशाचे दूध त्यापेक्षा कितीतरी दाट असते. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर संपर्क साधावा.

शेतात पिल्लू सापडले तर?

नांगरणीच्या वेळी सापडणारे, अंगावर केस आणि डोळे उघडे असलेले पिल्लू रानसशाचे असते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते पाळता येत नाही. ते जखमी नसेल, तर जवळच्या झुडपाच्या सावलीत ठेवून दूर व्हावे. आई सांजेनंतर परतते. जखमी असल्यास वन विभागाला कळवावे.

सर्वांत सोपा उपाय

सशाचा गर्भकाळ ३० ते ३२ दिवसांचा असतो. मार्चच्या मध्यात जोडी लावली, की पिल्ले ऐन एप्रिलच्या मध्यात, तापत्या पेटीत जन्मतात. त्यामुळे मार्चच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत जोड्या लावणे थांबवल्यास पुढची सगळी धावपळ टळते.