पितळेचे पातेले आणि यकृताचे कोडे

विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेल्यावर एक काम करा. माळ्यावर किंवा फडताळाच्या मागे एखादे जुने पितळेचे पातेले पडले आहे का, ते पाहा. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या बहुतेक घरांत असे एखादे भांडे सापडेलच. तळाशी आजीचे नाव कोरलेले असेल, आतून कल्हईचा पांढुरका थर कुठे शिल्लक, कुठे उडालेला. माझ्या आजीचे असे पातेले आमच्या घरी अजून आहे. त्यात सकाळचे दूध तापे आणि सायीसकट दुपारपर्यंत तसेच राही.

मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक. यकृत, म्हणजे आपण ज्याला काळीज किंवा लिव्हर म्हणतो, तो काही माझा प्रांत नव्हे. पण या साध्या पातेल्यात रसायनशास्त्राचा एक मोठा नियम आणि वैद्यकातील एक जुने कोडे अशी दोन्ही दडलेली आहेत. ते कोडे सोडविण्यात आपल्या पुण्याच्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. म्हणूनच आज त्याची गोष्ट सांगतो.

घाट म्हणजे काय?

प्रथम नियम समजून घेऊ. जुन्नरहून कोकणात उतरायचे आहे. कोकण खाली आहे, जुन्नर वर आहे. मग एखादा दगड सोडून दिला तर तो गडगडत कोकणात का जात नाही? कारण मध्ये सह्याद्रीची रांग आडवी आहे. आधी थोडे चढून जावे लागते, मग उतार लागतो.

रासायनिक क्रियांचेही असेच असते. पुष्कळ पदार्थ विघटित होऊन अधिक स्थिर पदार्थ बनू शकतात, पण मध्ये ऊर्जेचा एक डोंगर असतो. त्याच्या उंचीला सक्रियण ऊर्जा म्हणतात. तेवढी ऊर्जा न मिळाल्यास पदार्थ जागच्या जागी राहतो.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, लोकांनी यावर उपाय काढला. त्यांनी नाणेघाटाची वाट बांधून काढली. डोंगराची उंची तीच राहिली, जुन्नर आणि कोकण जागच्या जागी राहिले, पण जाण्याची वाट सोपी झाली. उत्प्रेरक नेमके हेच करतो. तो क्रियेला कमी उंचीची वाट देतो आणि त्यामुळे क्रिया वेगाने होते. हा प्रकार ओळखून स्वीडनच्या बर्झेलियसने १८३५ साली त्याला नाव दिले.

आता घाटाचे दोन गुण नीट लक्षात ठेवा. पहिला गुण असा, की माणसे जाऊन घाट संपत नाही. हजार बैल गेले तरी तो हजार-एकाव्यासाठी तयारच असतो. उत्प्रेरकही क्रियेत खर्च होत नाही. दुसरा गुण असा, की कोणत्या घाटाने उतरलात यावर कोणत्या गावी पोहोचणार हे ठरते. नाणेघाटाने उतरलात तर मुरबाडच्या बाजूला वैशाखऱ्याला जाल. आंबेगाव तालुक्यातून भीमाशंकर गाठून गणेश घाटाने उतरलात तर कर्जतच्या बाजूला खांडसला जाल. उत्प्रेरक बदलला की एकाच पदार्थापासून निराळे पदार्थ मिळू शकतात.

करून पाहा

औषधाच्या दुकानात जखम धुण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइडचे सौम्य द्रावण मिळते. शिक्षकांच्या देखरेखीखाली ते तीन परीक्षानळ्यांत थोडे थोडे घ्या. पहिल्या नळीत कच्च्या बटाट्याचा तुकडा टाका, दुसरीत उकडलेल्या बटाट्याचा, आणि तिसरीत प्रयोगशाळेतील मँगॅनीज डायऑक्साइडची चिमूट.

पहिल्या नळीत फेस येईल. दुसरी नळी जवळजवळ शांत राहील. तिसरीत जोराने बुडबुडे निघतील. फेसाच्या तोंडाशी विझत आलेली उदबत्ती धरा. ती लगेच तेजाळेल, म्हणजे हा वायू ऑक्सिजन आहे. पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन झाले. बुडबुडे थांबल्यावर तिसऱ्या नळीत पुन्हा ताजे द्रावण ओता. तीच काळी पूड पुन्हा कामाला लागेल. घाट संपत नाही, तो असा!

कच्च्या बटाट्यातील उत्प्रेरकाचे नाव कॅटालेज. हे प्रथिन आहे. सजीवांतील अशा उत्प्रेरकांना विकर किंवा एन्झाइम म्हणतात. उकडल्यावर प्रथिनाची घडण बिघडते, म्हणून दुसरी नळी शांत राहिली. हेच कॅटालेज आपल्या यकृतात भरपूर असते, कारण शरीरातील नेहमीच्या क्रियांमध्ये तेथे थोडे थोडे पेरॉक्साइड सतत तयार होत असते. कॅटालेजचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडच्या लाखो रेणूंचा निकाल लावतो. सव्वा ते दीड किलो वजनाचे आपले यकृत म्हणजे अशा हजारो विकरांचा कारखानाच म्हणायचा.

पितळेतील जोडी

माणसाने उभारलेले कारखानेही उत्प्रेरकांवरच चालतात. वनस्पती तूप करताना तेलात हायड्रोजन मिळविण्यासाठी निकेल वापरतात. पुण्याला पाषाण येथे १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झिओलाइट नावाच्या सच्छिद्र उत्प्रेरकांवर मोलाचे काम झाले. झिओलाइटच्या नैसर्गिक जाती तर आपल्या पायाखालीच आहेत. विहीर खणताना काळ्या पाषाणाच्या पोकळीत जे पांढरे, चकचकीत स्फटिक निघतात, त्यांपैकी पुष्कळसे याच कुळातील असतात.

आणि मेथॅनॉल? कार्बनचे ऑक्साइड आणि हायड्रोजन यांच्यापासून मेथॅनॉल करणाऱ्या कारखान्यांत १९६० च्या दशकापासून तांबे आणि जस्ताचे ऑक्साइड यांचा उत्प्रेरक वापरतात. तांबे आणि जस्त! ही तर पितळेतलीच जोडी.

तांबे हा मोठा हरहुन्नरी धातू आहे. त्याचा अणू एक इलेक्ट्रॉन सहज देतो आणि सहज परत घेतो. ही देवघेवच त्याला चांगला उत्प्रेरक बनविते. आपल्या शरीरालाही ती हवी असते. श्वसनाच्या अखेरच्या टप्प्यावरील विकरात तांबे असते. प्रौढ माणसाच्या शरीरात सारे मिळून सुमारे १०० मिलिग्रॅम तांबे असते, आणि ते बहुतेक सर्व प्रथिनांना बांधलेले असते. जादा तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते.

बालकांचा विचित्र आजार

आता कोड्याकडे वळू. १८८७ साली कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी लहान मुलांच्या यकृताच्या एका आजाराचे वर्णन केले. साधारण सहा महिने ते पाच वर्षे वयाची मुले, त्यांतही एक ते तीन वर्षांची अधिक. मूल किरकिरे होई, पोट फुगे, यकृत टणक लागे, पुढे कावीळ होई, आणि बहुतेक मुले काही महिन्यांत दगावत. यकृताच्या पेशी मरून त्यांच्या जागी दोऱ्यांसारखे तंतू माजत. याला यकृताचे सूत्रण किंवा सिऱ्होसिस म्हणतात. मोठ्या माणसांत ते दारूने किंवा काविळीच्या काही विषाणूंमुळे होते. पण या तान्ह्यांना कशाने? आजार मुख्यतः भारतातच आढळे, म्हणून त्याचे नावच ‘भारतीय बालयकृत-सूत्रण’ असे पडले. एकाच घरात एकामागून एक मुले जात. लोक नशिबाला बोल लावीत.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस एक धागा हाती लागला. या मुलांच्या यकृताचे तुकडे विशेष रंगद्रव्याने रंगविले असता त्यांत तांब्याचे साठे दिसू लागले. मोजमाप केले तर आकडे थक्क करणारे निघाले. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम वाळविलेल्या भागात ५० मायक्रोग्रॅमहून कमी तांबे असते. या मुलांत ते कित्येकदा ८०० मायक्रोग्रॅमच्याही वर जाई. एवढे तांबे आले कोठून?

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर हा शोध पुढे नेला. त्यांनी आयांना साधे प्रश्न विचारले. बाळाला वरचे दूध कधी सुरू केले? ते कशात तापविता? कशात ठेवता? आजारी मुलांच्या घरी वरचे दूध लवकर सुरू झालेले असे, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापविलेले व ठेवलेले असे. १९८३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध आला. दुधातील केसिन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते, त्यामुळे पितळेतील तांबे दुधात उतरते. कल्हई चांगली असेल तर कथील मध्ये येते, पण कल्हई उडाली की दुधाची गाठ थेट पितळेशी पडते. तान्ह्याचे यकृत तर जन्मतःच तांब्याचा साठा घेऊन आलेले असते, आणि पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची त्याची ताकद अजून कोवळी असते.

वाईट घाट

साठलेले तांबे नेमके काय करते? येथे आपली परीक्षानळी आठवा. यकृतात पेरॉक्साइड आहे. कॅटालेजच्या घाटाने गेले तर त्याचे पाणी आणि ऑक्सिजन होते, काम सुखरूप पार पडते. पण मोकळे तांबे त्याला दुसराच घाट दाखविते. एक इलेक्ट्रॉन देऊन ते पेरॉक्साइडचा रेणू असा फोडते, की त्यातून हायड्रॉक्सिल मूलक नावाचा अतिशय तापट कण निघतो. हा कण समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो, मग ते पेशीचे आवरण असो की गुणसूत्रातील रेणू असो. लोहाच्या बाबतीत अशी क्रिया फेंटन या शास्त्रज्ञाने १८९४ सालीच नोंदविली होती.

आणि तांब्याचे काय होते? ते दुसरीकडून इलेक्ट्रॉन घेते आणि पुन्हा तयार होते. ते खर्च होतच नाही! कारखान्यात ज्या गुणासाठी आपण उत्प्रेरकाचे कौतुक करतो, तोच गुण येथे बाळाच्या जिवावर उठतो. साधे विष एकदा वापरले की संपते. उत्प्रेरक विष संपत नाही, ते उचलून बाहेरच न्यावे लागते. म्हणूनच पेनिसिलअमाइन हे औषध उपयोगी पडले. त्याचे रेणू तांब्याला चिमट्यासारखे पकडून लघवीवाटे बाहेर नेतात. आजार वाढण्यापूर्वी औषध सुरू झालेली बरीच मुले वाचली. पण त्याहून स्वस्त औषध म्हणजे भांडे बदलणे आणि आईचे दूध पाजणे.

ऑस्ट्रियातील टायरॉल या डोंगराळ भागातही असेच घडले होते. १९०० ते १९७४ या काळात तेथे १३८ बालके अशाच आजाराने गेली. तेथेही दूध तांब्याच्या भांड्यांत तापवीत. भांडी बदलली आणि आजार नाहीसा झाला. अर्थात, पितळेतले दूध प्यालेल्या सगळ्याच मुलांना हा आजार होत नसे, तेव्हा काही मुलांत आनुवंशिक दुबळेपणही असावे, असे शास्त्रज्ञ मानतात. पण आपल्याकडे स्टीलची पातेली घरोघर आली तसा हा आजारही मागे हटला. आज तो क्वचितच दिसतो.

मग पातेले फेकायचे का?

मुळीच नाही! मोठ्या माणसाचे निरोगी यकृत तांब्याचा हिशेब नीट ठेवते. पिण्याच्या पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत तांबे असले तरी चालते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण अलीकडे तांब्यापितळेची भांडी ‘आरोग्यदायी’ म्हणून पुन्हा बाजारात झळकू लागली आहेत, आणि आजीचे पातेले माळ्यावरून खाली येण्याचा संभव आहे. म्हणून तीन गोष्टी घरी अवश्य सांगा. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध. पुढे वरचे दूध द्यायचे ते स्टीलच्या भांड्यात तापवून. आणि बिनकल्हईच्या पितळेत दूध, ताक, चिंच किंवा लिंबू कधीच ठेवायचे नाही.

आमच्या घरच्या पातेल्यात आता तुळस लावली आहे. आजीने त्या पातेल्यात दूध तापविले ते मायेनेच. त्या काळच्या हजारो आयांनीही तसेच केले. त्यांचा दोष नव्हता. त्यांना ठाऊक नव्हते, आणि ठाऊक करून घेण्याची साधनेही त्यांच्यापाशी नव्हती. तुमच्यापाशी ती आहेत. तीन परीक्षानळ्या, एक बटाटा, आणि ‘हे असे का?’ हा प्रश्न. करून पाहा, आणि दुसऱ्या नळीत थोडाफार फेस आलाच, तर तो का आला असावा याचाही विचार करा!