गिअरबॉक्सचे टॉनिक

दिवाळी हा जसा दिव्यांचा सण, तसाच तो तेलाचाही आहे. पणतीत तेल, कढईत तेल आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल! तेव्हा दिवाळी अंकासाठी मी एका तेलाबद्दलच लिहायला बसलो, याचे वाचकांनी नवल मानू नये. मात्र हे तेल तिळाचे नव्हे की करडईचे नव्हे. ते कुंकवासारखे लाल असते, मोटारीच्या पोटात राहते आणि सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. आमच्या दृष्टीस ते पडले. पण ते तेल आहे हे ओळखायला आम्हांला दोन महिने लागले.

मी राहतो सदाशिव पेठेत. येथे मोटार बाळगणाऱ्याला मोटारीपेक्षा ती उभी करण्याच्या जागेचा अभिमान अधिक! जुना वाडा पडून इमारत उभी राहिली, तेव्हा आमच्या वाट्याला तळमजल्यावर एक चिंचोळी जागा आली. पण गाडी आली ती हौसेने नव्हे. टिळक रस्त्यावर स्कूटर घसरून सौ.चा डावा गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी सांगितले, "क्लच दाबायचा नाही." सौ.चे माहेर साताऱ्याचे. तिथे तिची आई एकटी. दर पंधरवड्याला जाऊन औषधपाणी पाहायचे ते हिनेच. मी गाडी चालवतो, पण माझ्या शेजारी बसलेला मनुष्य मनातल्या मनात स्तोत्र म्हणू लागतो. तेव्हा 2019 साली आम्ही एक दहा वर्षे वापरलेली ऑटोमॅटिक गाडी घेतली. तिला क्लच नाही. डाव्या पायाने नुसते स्वस्थ बसावे. पहिल्याच आठवड्यात सौ. एकटी साताऱ्याला जाऊन आली. त्या संध्याकाळी तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

अडीच-तीन वर्षे सुखात गेली. मग 2022 च्या उन्हाळ्यात गाडी कुरकुरू लागली. सकाळी रिव्हर्स टाकला की ती क्षणभर विचार करी आणि मग धक्का देऊन मागे सरके. एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या गृहस्थांनी एक फेरी मारली, बॉनेट उघडलेसुद्धा नाही आणि निकाल दिला, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल. ऐंशी-नव्वद हजार धरून चाला."

नव्वद हजार! मी घरी येऊन सौ.ला म्हणालो, "विशेष काही नाही." हे माझे पहिले पाप.

दुसरे पाप नाना पेठेत घडले. मोटारीच्या सुट्या भागांच्या बाजारात चौकशी करता करता एका दुकानदाराने काउंटरवर निळी बाटली ठेवली. धक्के बंद, घसरण बंद, गळती बंद, गिअरबॉक्सला नवे तारुण्य! किंमत सव्वाआठशे. नव्वद हजारांपुढे सव्वाआठशे म्हणजे अंगाऱ्याचीच किंमत. रविवारी दुपारी सौ. वामकुक्षी घेत असताना मी खाली गेलो. इंजिन बंदच होते. तेल पाहायची पट्टी काढली, तेल खुणेपर्यंत दिसले. मनाचे समाधान झाले आणि मी बाटली ओतून वर आलो.

आणि काय आश्चर्य! सोमवारी सकाळी गाडी विनातक्रार मागे सरकली. सौ. म्हणाली, "अहो, आज गाडी शहाण्यासारखी वागली." मी मिशीतल्या मिशीत हसलो.

याच सुमारास आमच्या इमारतीत एक प्रकरण उद्भवले. तळमजल्यावर रोज लाल डाग दिसू लागले. कोणीतरी पान खाऊन थुंकतो आहे, असा सर्वांचा समज झाला. पुण्यात अशा प्रसंगी पाटी लावतात, आणि मराठीचा प्राध्यापक घरचाच असल्याने मजकुराचे काम माझ्याकडे आले. मी मोठ्या झोकात लिहिले, "येथे थुंकणाऱ्याने आपले नावही लिहून ठेवावे." पाटीचे कौतुक झाले. डाग मात्र वाढतच गेले.

श्रावणात सौ.च्या आईला बरे नसल्याचा फोन आला आणि आम्ही दोघे साताऱ्याला निघालो. शिरवळ गेले, खंडाळा गेले, खंबाटकीचा चढ लागला. पाऊस होता, मागे मालट्रकांची रांग होती. एका वळणावर सौ.ने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडले, पण गाडी पुढे सरकेना. पुन्हा दाबला, पुन्हा नुसता आवाज. गाडी किंचित मागे आली. मागच्या ट्रकने असा हॉर्न दिला की तो अजून माझ्या कानात आहे. सौ.ने हातब्रेक ओढला, दिवे लुकलुकते केले आणि शांतपणे मला म्हणाली, "उतरा आणि मागच्यांना थांबवा." चार ट्रकवाल्यांनी ढकलून गाडी कडेला घेतली. सौ.चे हात थरथरत होते. तेव्हा मी बाटलीची गोष्ट सांगितली.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला का नाही सांगितलंत? गाडी मी चालवते."

खंडाळ्याहून आलेल्या मेकॅनिकने इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून गिअरचा दांडा सगळ्या खुणांवरून फिरवायला लावला आणि मग पट्टी काढली. ती जवळजवळ कोरडी होती. "सर, यात तेलच नाही. गिअर धरील कशानं?" गाडीखाली वाकून त्याने एका होज पाइपचा सांधा दाखवला, तिथून तेल ठिबकत होते. बोटाला लागलेला रंग पाहिला आणि मला माझी पाटी आठवली. थुंकणारा सापडला होता. आणि त्याचे नाव आरसी बुकात माझ्या नावाशेजारीच लिहिलेले होते!

पुण्याला परतल्यावर या सगळ्याचा अर्थ मला खालच्या मजल्यावरच्या काकांनी समजावून दिला. काकांचे आयुष्य मोटारींच्या कारखान्यात गेले. ते म्हणाले, "दोन टेबलफॅन समोरासमोर ठेव. एकच चालू कर. त्याच्या वाऱ्यानं दुसराही फिरू लागतो की नाही? तुझ्या गाडीत वाऱ्याच्या जागी तेल आहे, इतकंच." यालाच टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. पण तेलाचे काम तेवढ्यावर संपत नाही. त्याच्याच दाबाने आतल्या क्लचच्या चकत्या एकमेकींना धरतात आणि गिअर बदलतो. तेच दात्यांना वंगण देते आणि तेच उष्णता वाहून नेते. शिवाय त्याची खरी कसरत वेगळीच. दात्यांनी एकमेकांवरून अलगद सरकावे, पण चकत्यांनी मात्र एकमेकींना घट्ट धरावे. सरकू द्यायचे आणि धरूनही ठेवायचे! संसारात सासू-सून यांच्यामध्ये उभ्या असलेल्या मनुष्यालाच हे काम कळेल.

हे साधावे म्हणून या तेलात कारखान्यातच दहा-पंधरा द्रव्ये मिसळलेली असतात. घर्षण बेताचे ठेवणारे एक, फेस मारणारे एक, तेल कुजू न देणारे एक, रबरी सील मऊ ठेवणारे एक. लाल रंगही मुद्दाम घातलेला. गळती झाली तर इंजिनचे तेल कोणते आणि हे कोणते ते ओळखावे म्हणून. (सदाशिव पेठेत त्याची पानाच्या पिंकेशी गाठ पडेल, हे अमेरिकेतल्या रसायनतज्ज्ञांना कोठून ठाऊक असणार!)

अमेरिकेचे नाव आले, कारण या तेलाची जन्मकथा तिथली. 1940 च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत जनरल मोटर्सने 'हायड्रा-मॅटिक' हा गिअरबॉक्स आणला. 1949 साली तिने या तेलाचे पहिले प्रमाण ठरवले, 'टाइप ए'. पुढे साठीच्या दशकाच्या अखेरीस 'डेक्सरॉन' आले. आणि त्या काळी यात घर्षण आवरण्यासाठी काय घालीत असत? स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल! समुद्रातला तो अवाढव्य जीव मरे, तेव्हा डेट्रॉइटची मोटार झटका न देता गिअर बदली. ते तेल आपल्या गोडेतेलाच्या जातीचे नाही. ते पातळ मेण असते आणि उष्णतेत टिकते. 1970 साली अमेरिकेने हा देवमासा धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत घातला, त्याच्या तेलाचा व्यापार बंद झाला आणि रसायनतज्ज्ञांना रात्रीचा दिवस करून पर्याय शोधावे लागले. असेच पातळ मेण होहोबा नावाच्या वाळवंटी झुडपाच्या बियांतही निघते, असे आढळले. हे झुडूप आज राजस्थानातही लावतात. मेलेल्या देवमाशाचे काम जिवंत झुडपाने करावे, ही गोष्ट मला फार आवडली.

"मग काका, बाटली खोटीच की!" मी म्हणालो.

"तसं नाही," काका म्हणाले. "रोग तेलाचा असेल तर बाटलीचा गुण येतो." तेल जुने झाले, त्यातली द्रव्ये झिजली, आणि गाडी एकसारख्या वेगाने चालताना खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरू लागली, तर घर्षण सुधारणाऱ्या द्रव्याने ती थरथर थांबू शकते. सील कडक होऊन किंचित पाझरत असेल, तर सील फुगवणारे द्रव्य काही दिवस ती थोपवते. पण चकत्या जळाल्या असतील, तेलाला करपट वास येत असेल, त्यात धातूचा कीस दिसत असेल किंवा बिघाड विजेच्या झडपेत असेल, तर बाटली काय करणार? आणि अधिक द्रव्य म्हणजे अधिक गुण, हेही खरे नाही. फोर्डने आपल्या 'टाइप एफ' तेलात घर्षण कमी करणारे द्रव्य मुद्दामच टाळले होते, कारण त्यांच्या चकत्यांना अधिक पकड हवी होती. एकाचे पथ्य ते दुसऱ्याचे कुपथ्य!

शिवाय आपण जिला सरसकट 'ऑटोमॅटिक' म्हणतो, तिच्या जाती अनेक. 2014 साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे मध्यमवर्गाच्या घरी आलेली एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स. त्याचा क्लच दाबायला आणि गिअर बदलायला यंत्राचा हात, इतकेच. तिच्यात हे लाल तेल नसते, साधे गिअर ऑइल असते. सीव्हीटीमध्ये पोलादी पट्टा दोन पुल्यांना घट्ट धरून फिरतो. त्यात निसरडे करणारे काही पडले तर पट्टाच घसरायचा. म्हणून पुस्तिकेत जे तेल लिहिले असेल तेच घालावे, आणि बाटली उघडण्यापूर्वी गाडीच्या पोटात काय आहे ते पाहावे.

"पण काका, माझी गाडी महिनाभर सुधारली ती कशी?"

काका हसले. "बाटली केवढी होती?"

"तीनशे मिली."

"तेवढंच तेल कमी पडलं होतं. तू तीनशे मिली काहीही योग्य घातलं असतंस तरी ती चाललीच असती."

म्हणजे गुण औषधाचा नव्हता, मापाचा होता! पातळी वर आली, पंपाला तेल मिळाले, दाब आला, गिअर पडला. सांधा मात्र गळतच राहिला. घाटात गाडीचे तोंड वर झाले, उरलेले तेल मागे गेले, पंपाने हवा ओढली आणि चकत्यांनी हात सोडले. इंजिन बंद ठेवून मी पट्टी पाहिली होती, हीही चूक. बंद गाडीत तेल खाली उतरून पातळी जास्त दिसते. बहुतेक गाड्यांत ती गरम इंजिन चालू ठेवून पाहावी लागते. काहींची रीत याच्या उलट असते, आणि नव्या अनेक गाड्यांत तर पट्टीच नसते. तिथे हे काम गॅरेजचे.

अमेरिकेतही माझ्यासारखे भोळे पुष्कळ असावेत. इंजिनच्या तेलात घालायच्या काही प्रसिद्ध द्रव्यांच्या उत्पादकांना, पुराव्याशिवाय जाहिरातीत दावे करू नका, असे 1990 च्या दशकात तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला बजावावे लागले होते.

शेवटी खर्च किती आला? होज पाइप, क्लिपा आणि दोनदा तेलबदल मिळून नऊ हजारांच्या आत. दोनदा अशासाठी, की खालचे बूच काढले तरी सात-आठ लिटरांपैकी तीन-चारच बाहेर येते. उरलेले कन्व्हर्टरमध्ये अडून बसते. चकत्या नशिबाने वाचल्या. जुने तेल चहासारखे काळपट निघाले, नवे डाळिंबाच्या रसासारखे गेले. डाग थांबले, आणि सोसायटीच्या बैठकीत मी माझी पाटी उतरवण्याचा ठराव स्वतःच मांडला.

वर्गात मी मुलांना सांगतो, की विशेषण कितीही जोरकस असले तरी ते नामाला चिकटून येते. नामच नसेल तर विशेषण हवेत लोंबकळते. ही बाटलीतली द्रव्ये म्हणजे विशेषणे. पोटात योग्य तेल, योग्य मापाने असेल तर त्यांना अर्थ. हे मला समजायला खंबाटकी घाट लागला.

सौ.ची गोष्ट मात्र राहिलीच. तेल बदलून गाडी घरी आली, तेव्हा मी तिची पुन्हा क्षमा मागितली. ती म्हणाली, "सकाळी गाडी थंड असतानाच अडखळते आणि खाली डाग पडतो, हे मला मे महिन्यापासून माहीत होतं. तुम्ही म्हणालात विशेष काही नाही, म्हणून मी गप्प बसले." नव्वद हजारांचा आकडा मी तिच्यापासून लपवला, आणि जिला आजाराची लक्षणे ठाऊक होती तिला विचारायचेच राहून गेले.

आता दर महिन्याला ती स्वतः पट्टी पाहते. इंजिन चालू, हातात पांढरा कागद. कागदावर लाल थेंब टिपून ती मला दाखवते आणि मी मान डोलावतो. यंदाही नरकचतुर्दशीला आमचे अभ्यंगस्नान आटोपले, की ती खाली जाईल, तेल पाहील, आणि फराळाचे डबे घेऊन एकटी साताऱ्याला निघेल.