काचेवरील परावर्तनरोधक लेप

१.५२ वक्रीभवनांकाच्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून लंबरूप पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ४.३ टक्के प्रकाश परावर्तित होतो. अशी दहा पृष्ठे असलेल्या भिंगसंचातून सुमारे ६५ टक्केच प्रकाश पार जातो. ही हानी टाळण्यासाठी काचेवर असा पातळ लेप देतात, की त्याच्या दोन्ही पृष्ठांवरून परतणारे तरंग परस्परांस नष्ट करतील. त्यास दोन अटी आहेत : लेपाची जाडी त्यातील तरंगलांबीच्या एकचतुर्थांश असावी, आणि त्याचा वक्रीभवनांक काचेच्या वक्रीभवनांकाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १.२३ असावा.

पहिली अट साधते. थर वाढत असता परावर्तित प्रकाश मोजीत राहून तो न्यूनतम होताच क्रिया थांबवितात. खरी अडचण दुसरीची आहे. कारण इतक्या अल्प वक्रीभवनांकाचा सघन व टिकाऊ पदार्थ उपलब्ध नाही. १९३८ मध्ये कॅथरीन ब्लॉजेट यांनी मेदाम्लाचे रेणुथर रचून परावर्तन जवळजवळ नाहीसे केले. परंतु तो लेप पुसला जाई. म्हणून निर्वात पात्रात मॅग्नेशियम फ्लुओराइडचे बाष्पीभवन करून सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविलेल्या काचेवर त्याचा १०० नॅनोमीटर जाडीचा थर बसवितात. त्याचा वक्रीभवनांक १.३८ असल्याने ५५० नॅनोमीटर तरंगलांबीस १.३ टक्के परावर्तन उरतेच; तथापि उपरोक्त भिंगसंचातून ८८ टक्के प्रकाश पार जातो, आणि लेप टिकतो. येथे पूर्णतेपेक्षा टिकाऊपणास प्राधान्य दिले आहे, हे अभ्यासकांनी ध्यानी ठेवावे.