लक्षद्वीपची सफर : तयारी आणि सामान

दिल्लीकर मराठी कुटुंबाला प्रवास नवा नसतो. दिवाळीत किंवा उन्हाळ्याच्या सुटीत पुणे, नागपूर, रत्नागिरी यांची वाट धरावयाची आणि परतताना लोणच्या-पापडांचे डबे आणावयाचे, हा क्रम वर्षानुवर्षे चालू असतो. या प्रवासाच्या सामानाचा फारसा विचार करावा लागत नाही. कारण एखादी वस्तू विसरली, तर ती गावच्या बाजारात मिळते, आणि एखादी जास्त झाली, तर नातलगांकडे ठेवून येता येते. लहान बेटावर जाणे मात्र या दोन्ही बाबतींत निराळे आहे. तेथे विसरलेली वस्तू सहसा मिळत नाही, आणि टाकून दिलेली वस्तू सहसा कोठे जात नाही. म्हणून बेटाच्या प्रवासाचे सामान बांधण्यापूर्वी ते बेट कसे आहे, हे समजून घेणे इष्ट ठरते. आज आपण लक्षद्वीपच्या सागरी सफरीच्या निमित्ताने हाच विचार करू.

केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २२० ते ४४० किलोमीटर अंतरावर, अरबी समुद्रात, ही छत्तीस बेटे विखुरलेली आहेत. त्यांपैकी दहांवर मनुष्यवस्ती आहे. १९५६ साली हा केंद्रशासित प्रदेश अस्तित्वात आला, १९६४ मध्ये त्याचे मुख्य ठाणे कोळिकोडहून कवरत्तीस हलविण्यात आले, आणि १९७३ मध्ये त्यास लक्षद्वीप हे नाव मिळाले. सर्व बेटांचे क्षेत्रफळ मिळून अवघे ३२ चौरस किलोमीटर. एकट्या दिल्लीचे क्षेत्रफळ १,४८३ चौरस किलोमीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे प्रमाणाची कल्पना येईल. या चिमुकल्या भूमीवर २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे चौसष्ट हजार लोक राहत होते.

मराठी माणसाने या बेटांना अगदीच परके मानू नये, असे भूशास्त्र सांगते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत असताना भूगर्भातील एका अतितप्त स्थानावरून गेला. तेथून उसळलेल्या लाव्हारसाच्या थरांनी दख्खनचे पठार आणि आपला सह्याद्री घडला. भूखंड पुढे सरकला. पण ती भट्टी विझली नाही. तिने समुद्रतळावर ज्वालामुखी पर्वतांची एक रांग उभी केली. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांचा पाया ही रांग होय. पुढे ते पर्वत हळूहळू खचत गेले, आणि त्यांच्या माथ्यावर प्रवाळांनी पिढ्यान् पिढ्या आपली घरे चढविली. पर्वत खाली जात असता प्रवाळाने वर वाढावे आणि मध्ये उथळ पाण्याचे सरोवर राहावे, ही उपपत्ती चार्ल्स डार्विन याने १८४२ मध्ये मांडली होती. आज आपण ज्यास लक्षद्वीपची पांढरी वाळू म्हणतो, तो बव्हंशी प्रवाळाचा व शिंपल्यांचा चुरा आहे. अशा बेटाची भूमी समुद्रसपाटीहून फार तर दोन-चार मीटर उंच असते. तेथे नदी नाही, डोंगर नाही, खडकाळ बंदर नाही. सामानाचा बहुतेक विचार या एका गोष्टीतून निघतो.

प्रथम काळाचा विचार करू. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत, म्हणजे स्थूलमानाने जून ते सप्टेंबरपर्यंत, येथील समुद्र खवळलेला असतो. सफरीसाठी ऑक्टोबर ते मेच्या आरंभापर्यंतचा काळ योग्य. शाळेला मेअखेरीस सुटी आहे, तेवढ्यात जाऊन येऊ, असा बेत दिल्लीकराने करू नये. दुसरी गोष्ट परवान्याची. १९६७ च्या नियमांनुसार, बेटांचे मूळ रहिवासी नसलेल्या प्रत्येकास तेथे प्रवेश करण्यासाठी परवाना लागतो. ओळखपत्राच्या प्रती व छायाचित्रे अर्जास लागतात. अर्जाची रीत वेळोवेळी बदलत असल्याने त्या वेळचा नियम प्रशासनाकडून समजून घ्यावा, आणि परवाना हाती आल्यावाचून पुढची तिकिटे काढू नयेत. छोट्या समाजाची भूमी, पाणी आणि जीवनपद्धती यांचे रक्षण व्हावे, म्हणून ही अट आहे. तिचा कंटाळा करण्यापेक्षा तिचे कारण ओळखणे बरे.

दिल्लीहून कोचीपर्यंत विमानाने काही तासांत जाता येते. पण वेळ असेल त्याने हजरत निजामुद्दीनहून सुटणाऱ्या मंगला लक्षद्वीप एक्सप्रेसचा विचार अवश्य करावा. बेटांचेच नाव धारण करणारी ही गाडी भुसावळ, नाशिक, कल्याण, पनवेल असे करीत कोकण रेल्वेने रत्नागिरीवरून खाली उतरते आणि सुमारे दोन दिवसांनी एर्नाकुलमला पोहोचते. सह्याद्री पाहत पाहत त्याच्या समुद्रातील भावंडांकडे जाण्याचा हा मार्ग आहे. कोचीहून जहाज निघते. बेटाच्या अंतराप्रमाणे साधारण चौदा ते वीस तासांचा हा जलप्रवास असतो. लक्षद्वीपच्या पर्यटन संस्थेने ‘समुद्रम्’ या नावाने पाच दिवसांची जी सफर चालविली, तिची रचना मोठी सोयीची आहे. रात्री जहाजावर निजावयाचे आणि दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय अशा एकेका बेटावर उतरावयाचे. अगत्ती येथे १९८८ पासून विमानपट्टी आहे; परंतु बेटांचे खरे स्वरूप समुद्रमार्गेच कळते.

समुद्राचे वेळापत्रक रेल्वेच्या वेळापत्रकासारखे नसते. हवा बिघडली, तर जहाज उशिरा सुटते, क्वचित एखादे बेट गाळावे लागते. म्हणून जहाज कोचीस लागण्याच्या दिवशीच संध्याकाळची परतीची गाडी धरण्याचा आग्रह नसावा. मध्ये एक-दोन दिवस मोकळे ठेवावेत. नोकरदाराने रजेचा अर्ज करतानाच हे दोन दिवस त्यात घालावेत. कवरत्तीहून रजा वाढवून मागण्यापेक्षा ते अधिक सुखाचे असते.

आता सामान. बऱ्याच बेटांभोवती प्रवाळाचा कडा आणि आत उथळ पाणी असल्याने मोठ्या जहाजाला किनाऱ्याशी जाणे अवघड पडते. ते बाहेर खोल पाण्यात थांबते, आणि प्रवाशास जहाजाच्या कडेने लहान होडीत उतरावे लागते. लाटेबरोबर होडी वर-खाली होत असते. खलाशी हात देतात, पण आपले दोन्ही हात मोकळे असणे हीच खरी सुरक्षितता होय. म्हणून चाकांची मोठी पेटी येथे निरुपयोगी. जहाजावर ठेवावयाची एक मऊ पिशवी आणि बेटावर न्यावयाची खांद्यावरची एक लहान झोळी, एवढे दोनच नग माणशी असावेत. झोळीतील परवाना, पैसे, दूरध्वनी आणि औषधे यांना पाणी लागणार नाही अशी व्यवस्था असावी. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना तोल सांभाळणे कठीण जाते, अशा वडीलधाऱ्यांना न्यावयाचे असल्यास हे उतरणे त्यांस झेपेल काय, याचा विचार दिल्लीतच करावा आणि त्यांस तो आधी समजावून सांगावा. केवळ उत्साहाच्या भरात आईवडिलांना समुद्राच्या मधोमध पेचात टाकणे योग्य नव्हे.

कपड्यांचा प्रश्न डिसेंबर-जानेवारीत दिल्लीहून निघणाऱ्यास विशेष सतावतो. निजामुद्दीनच्या फलाटावर दात वाजत असतात, आणि दोन दिवसांनी कोचीत घाम फुटतो. त्यावर जाड कोट हा उपाय नव्हे. एकावर एक घालता येतील असे पातळ कपडे आणि एक शाल पुरे. ती शाल वातानुकूलित केबिनमध्येही उपयोगी पडते. बेटावरील हवा दमट असल्याने जाड कपडे लवकर वाळत नाहीत. या कामी मोठ्या टर्किश टॉवेलपेक्षा आपला साधा पंचा कितीतरी श्रेष्ठ! तो हलका, घडीला लहान, आणि तासाभरात वाळणारा. सैल, पूर्ण बाह्यांचे सुती सदरे घ्यावेत. तेथे ऊन वरून येते, तसेच पाण्यावरून आणि पांढऱ्या वाळूवरून परावर्तित होऊनही येते. त्यामुळे टोपी घातलेल्याचाही चेहरा भाजतो. उन्हाच्या मलमांतील काही रसायने प्रवाळाला अपायकारक असतात, या कारणास्तव हवाई व पलाऊ येथे त्यांवर बंदी आली आहे. म्हणून पाण्यात उतरताना मलमापेक्षा अंगभर सदऱ्यावर भर द्यावा. येथील समाज बव्हंशी मुस्लिम व परंपरा जपणारा आहे. गावातून हिंडताना मर्यादशील पोशाख असावा, आणि मद्य बरोबर नेता येत नाही, हे ध्यानात असावे. मल्याळम ही येथील मुख्य भाषा. मिनिकॉयची महल भाषा मात्र मालदीवच्या भाषेशी जवळची आहे.

जहाज लागण्याची भीती अनेकांस वाटते. आपल्या कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय ‘आपण हलत आहोत’ असे सांगते आणि केबिनच्या भिंतीवर खिळलेले डोळे ‘आपण स्थिर आहोत’ असे सांगतात. या विसंगतीतून मळमळ उत्पन्न होते. तेव्हा उघड्या डेकवर येऊन दूरच्या क्षितिजाकडे पाहणे, हा पहिला उपाय. जहाजाचा मध्यभाग टोकांपेक्षा कमी डोलतो, म्हणून मिळाल्यास तेथील जागा घ्यावी. पोट अगदी रिकामे किंवा तुडुंब असू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावयाची गोळी जहाज सुटण्यापूर्वी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर ती फारशी गुण देत नाही. आलेपाकाच्या दोन वड्या खिशात असल्यास काहींना आराम पडतो. रक्तदाब, मधुमेह यांची नित्याची औषधे ठरल्या दिवसांहून आठवडाभर जास्त घ्यावीत, आणि ती दोन पिशव्यांत विभागून ठेवावीत. बेटांवर रुग्णालये आहेत. पण गंभीर रुग्णास कोचीला हलवावे लागते, आणि ते वाऱ्यावर व समुद्रावर अवलंबून असते.

खाण्याच्या बाबतीत भात, मासे आणि नारळ हे तेथील मुख्य अन्न. भाजीपाला बहुतेक जहाजानेच येतो. शाकाहारी मंडळींनी चिवडा, दशम्या, मेतकूट असे टिकाऊ पदार्थ बरोबर घ्यावेत. मात्र ते पितळी किंवा स्टीलच्या डब्यांत भरावेत, प्लॅस्टिकच्या पुड्यांत नव्हे. याचे कारण उघड आहे. चार-पाच चौरस किलोमीटरच्या बेटावर कचरा पुरावयाचा कोठे? पुरला, तर तो पिण्याच्या पाण्याशेजारीच जातो.

पाण्याची ही गोष्ट नीट समजून घेण्याजोगी आहे. बेटावर पडणारे पावसाचे पाणी सच्छिद्र वाळूतून खाली झिरपते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलके असल्यामुळे ते भूमीखाली समुद्राच्या पाण्यावर पातळ भिंगाच्या आकारात तरंगत राहते. विहिरीतून बेताने उपसले, तर ते टिकते. अधिक उपसले, तर खालचे खारे पाणी वर येते, आणि ते पुन्हा गोडे होण्यास फार काळ लागतो. या अडचणीवर आपल्या शास्त्रज्ञांनी एक सुंदर उपाय योजला. २००५ मध्ये कवरत्ती येथे दिवसाला एक लाख लिटर गोडे पाणी देणारे केंद्र सुरू झाले. समुद्रपृष्ठावरचे उबदार पाणी कमी दाबाखाली नेले की त्याची वाफ होते, आणि सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ पुन्हा द्रवरूप होते. पुढे मिनिकॉय व अगत्ती येथेही अशी केंद्रे झाली. तरीही एका लाख लिटरची किंमत, ज्यांनी दिल्लीत उन्हाळ्यातील टँकरची रांग पाहिली आहे, त्यांना निराळी सांगावयास नको. प्रत्येकाने आपली पाण्याची बाटली न्यावी, ती जहाजावर भरून घ्यावी आणि बेटावर बादलीभर पाण्यात स्नान आटोपावे.

पाण्यात उतरण्यासाठी जुने कॅनव्हासचे बूट घ्यावेत. प्रवाळाच्या कडा वस्तऱ्यासारख्या असतात. मात्र बूट घातले म्हणून प्रवाळावर उभे राहू नये. तो दगड दिसला, तरी सजीव आहे. सूक्ष्म प्राण्यांची ती वसाहत असून त्यांच्या देहात राहणाऱ्या एकपेशीय वनस्पती त्यांस अन्न व रंग देतात. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा फार काळ तापले, तर या वनस्पती निघून जातात, आणि प्रवाळ पांढरा पडतो. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षी लक्षद्वीपमध्ये असे झाले. उष्णता ओसरली, तर प्रवाळ सावरतो. न ओसरली, तर मरतो. तो मेला, तर लाटांना अडविणारा कडा झिजू लागतो, आणि दोन मीटर उंचीच्या भूमीस दुसरा कोणताच तट नाही. प्रवाळाची रक्षा म्हणजे त्या चौसष्ट हजार माणसांच्या घरांची रक्षा होय, असे म्हणणे म्हणूनच अतिशयोक्तीचे नाही.

तेव्हा परतताना पिशवीत काय असावे, हेही निघतानाच ठरवावे. प्रवाळाचा तुकडा उचलणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मुलांना ही गोष्ट किनाऱ्यावर नव्हे, घरीच सांगावी. नारळाची वडी, काथ्याची एखादी वस्तू, सुकविलेला तुना मासा जरूर आणावा. त्याने तेथील कुटुंबास चार पैसे मिळतात. आणि आपण नेलेला प्रत्येक वेष्टनाचा कागद, संपलेली बॅटरी, रिकामी नळी परत आणावी. त्यासाठी पिशवीच्या तळाशी एक रिकामी कापडी थैली घडी करून ठेवावी. सामानाच्या यादीत ती बहुधा कोणी लिहीत नाही. पण लक्षद्वीपला जाणाऱ्याने ती सर्वांत आधी लिहावी.